खांब, साखळी, कोपरा

१
नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या बाजारात लोकर म्हणून मिळते ती लोकर नसते. ॲक्रिलिक असतं, बहुधा लुधियानाहून आलेलं. दुकानदाराला ते माहीत असतं, घेणारीलाही. पण "ॲक्रिलिक दाखवा" म्हणणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. खात्री करायचीच तर वीतभर धागा पेटवून बघावा. केस जळल्याचा वास आला तर मेंढीची. वितळून काळा टणक मणी राहिला तर कारखान्यातली. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते आणि बाळाच्या डोक्यावर याच धाग्याचं टोपडं असतं.

२
क्रोशाचा ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मधून बाहेर विणत न्यायचा चौकोन, शिकायला एक दुपार पुरते. चार साखळ्यांचं कडं करायचं. कड्यात तीन खांब, म्हणजे उभे टाके, आणि दोन साखळ्या. पुन्हा तीन खांब, दोन साखळ्या. असे चार गट. कोपरे झाले. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्याच्या भोकात दोन गट, मधल्या भोकांत एकेक. शिकवण्यासारखं एवढंच. ज्या बाईला रुमाल येतो तिला पलंगपोसही येतो. तिने फक्त थांबायचं नाही.

३
हिशेब. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६. दहाव्या फेरीत १२०. दहा फेऱ्यांच्या एका चौकोनात ६६० खांब.

बाजारात त्याला "एवढासा रुमाल" म्हणतात.

४
शेजारच्या काकूंना हा हिशेब सांगितला. त्या म्हणाल्या, "अगं, मोजायला लागलं की हात थांबतो." आणि कोपरा वळल्या.

५
साधा चौकोन सपाट असतो. त्याला उठाव आणायचे दोन मार्ग काकूंनी दाखवले.

पहिला, दाण्याचा. एकाच भोकात पाच खांब घालायचे, सुईवरचा फास सोडून द्यायचा, सुई पहिल्या खांबाच्या डोक्यातून घालायची आणि सोडलेला फास त्यातून ओढून घ्यायचा. पाचही खांब कमरेत वाकतात आणि द्राक्षाच्या मण्यासारखा टपोरा दाणा समोर येतो. धागा मात्र खूप खातो. एका गुंडीत होणारं काम दीड गुंडीवर जातं आणि दुकानदार खूश होतो.

दुसरा मार्ग काटकसरीचा. सुई नेहमीप्रमाणे खालच्या खांबाच्या डोक्यात न घालता त्याच्या कमरेला मागून वळसा घालून समोर काढायची आणि तिथून नवा खांब उचलायचा. खांबावर खांब चढत जातात, कापडाच्या पुढे उभ्या रेघा येतात. अंधारात बोट फिरवलं तरी नक्षी कळते. काकूंची नजर आता कमी झाली आहे, त्यांना हाच प्रकार आवडतो.

६
ऑक्टोबर छाटणीनंतर इथल्या द्राक्षबागांमध्ये विरळणी सुरू होते. बायका वेलीखाली उभ्या राहून, मान वर करून, बारीक कात्रीने घडातले मणी काढतात. काढले की उरलेले फुगतात.

सुरगाणा, पेठकडून मजूर येतात. काम रोजावर किंवा उक्तं. उक्तं म्हणजे झाडामागे इतके. झाड मोजता येतं, म्हणून भाव ठरतो.

७
सुयांवरचं विणकाम करणारं यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ मध्ये बनवलं. क्रोशाचं यंत्र कारखान्यात अजून चाललेलं नाही. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते, पण ती वेगळी. उलटून पाहिली की कळतं. खरा क्रोशा असेल तर तो कुठेही विकत घ्या, कोणीतरी हाताने केलेला असतो.

८
नाशिकच्या एका मॉलमध्ये क्रोशाचा टॉप. वर पाटी: पन्नास टक्के सूट.

९
वणीची देवी वणीत नाही. वणी दिंडोरी तालुक्यात. देवी नांदुरीच्या वर सप्तशृंग गडावर, कळवण तालुक्यात. गावातल्या देवळात जगदंबा आहे. गडावरच्या मूर्तीला अठरा हात. साडी अकरा वार लागते, चोळीला तीन खण. नवस फेडायला आलेल्या सासरमाहेरच्या बायकांत वारांवरून वाद होतो तो मी ऐकला आहे. दुकानदार मध्ये पडत नाही. कापून झाल्यावर बोलतो.

अठरा हातांना चोळी कशी घालतात हे पुजाऱ्यांना विचारावं.

१०
क्रोशाच्या रुमालाचा इतिहास आमच्या घरात असा आहे: आधी रेडिओवर, मग टीव्हीवर, मग मिक्सरवर. टीव्ही पातळ झाला आणि रुमालाची जागा गेली. फ्रीजच्या हँडलला काही दिवस बाही घातली होती. आता फ्रीजला हँडलच नाही, नुसती खाच आहे.

देव्हारा तेवढा शिल्लक आहे. तोही आता तयार संगमरवरी येतो.

११
आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचं पीक सडत गेलं. मठांमधल्या जोगिणींनी बायका-मुलींना क्रोशा शिकवला. त्या लेसच्या पैशावर कितीतरी घरं तगली, कितींनी अमेरिकेचं जहाज गाठलं. पीक गेल्यावर हातात सुई आली.

आमच्याकडे गारपीट झाली की पंचनामा येतो.

१२
आंध्रातलं नरसापूर, पश्चिम गोदावरी जिल्हा. गोदावरी आमच्याच जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि तिकडे समुद्राला मिळते. नरसापुरात १८४४ च्या सुमारास स्कॉटिश मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये निघालं. त्यांचं म्हणणं असं की माल जगभर विकला जात होता, व्यापारी पुरुष मोठे होत होते आणि तो विणणाऱ्या बायकांची नोंद मात्र गृहिणी अशीच होत होती. काम फावल्या वेळचं मानलं की मजुरीही फावल्या वेळची.

२०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षांना नाशिकच्या नावाने ते आधीच आहे. मानांकन मालाला मिळतं.

१३
"फावल्या वेळात करते हो," असं इथली प्रत्येक बाई सांगते. फावला वेळ म्हणजे कोणता, असं एकीला विचारलं. दळण टाकून आल्यावर आणि लाइट जायच्या आत.

१४
३१ जानेवारी २०१६, चेन्नई. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या बायकांच्या गटाने सुटे तुकडे जोडून क्रोशाची जगातली सर्वांत मोठी गोधडी केली, गिनीज बुकात नोंद झाली: ११,१४८.५ चौरस मीटर. इथल्या भाषेत एकशे दहा गुंठे. पावणेतीन एकराला जरा जास्तच.

हे ऐकून एका बागायतदाराने विचारलं, "पाणी कुठून घेतलं?"

१५
टोपड्याला चौकोन चालत नाही. मधून सुरू करायचं, दर फेरीला ठरावीक खांब वाढवायचे. तोवर ते ताटासारखं सपाट राहतं. वाढवणं थांबवलं की खाली वळतं, टोपी होते. उलट, हवे त्यापेक्षा जास्त वाढवत गेलं तर कडा चुरमडतात, झालर होते. डाइना टाइमिना या लॅटव्हियन गणितज्ञ बाई १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात होत्या. कागदावर समजावता न येणारी एक भूमिती त्यांनी हीच झालर विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिली.

आमच्याकडे असं झालं की उसवायला लावतात.

१६
कॉलेजच्या मुली आता फुलं विणतात. सूर्यफूल, ट्यूलिप, गुलाब. खाली हिरव्या धाग्याने गुंडाळलेली तार. मोबाइलवर ऑर्डर येते, पार्सल कुरियरने जातं. सुकत नाही म्हणून मागणी आहे म्हणे. याच तालुक्यात जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाऊसमध्ये खरे गुलाब होतात, ते पहाटे गाडीत चढतात आणि दोन दिवसांत मान टाकतात.

विणलेलं फूल महाग पडतं. दोन्ही विकली जातात.

१७
एसटी स्टँडवर एक मुलगा, वीस-बावीसचा, बॅगेवर बूड टेकून क्रोशा करत होता. शेजारचे आजोबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "कोणी शिकवलं रे?" तो म्हणाला, "यूट्यूब." आजोबांचं समाधान झालं. बाईने शिकवलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते.

१८
बाळंतविड्यात काही अजून हातचंच लागतं. झबली, दुपटी, कुंची बाजारातून आली तरी चालतं. टोपडं आणि मोजे आजीच्या नाहीतर मावशीच्या हातचे हवेत. आजीला येत नसेल तर आजी विकत आणते आणि हातचे म्हणून देते. तेही खरंच आहे, कोणाच्या तरी हातचे असतात.

१९
दोन चौकोन जोडताना नेहमीची तक्रार: एक मोठा, एक लहान. फेऱ्या तेवढ्याच, सुई तीच, धागाही तोच. एक सकाळी केलेला असतो, दुसरा भांडणानंतर. भांडणानंतरचा लहान भरतो; धागा जास्त ओढला जातो. जुन्या बाया लहान चौकोन ओला करून टाचण्या लावून ताणतात. ॲक्रिलिक फारसं ताण घेत नाही, आणि त्यावर इस्त्री तर फिरवूच नये. दाणे कायमचे झोपतात.

२०
शेवटचं टोक कापताना वीतभर धागा सोडावा आणि सुईने आधी एका दिशेला, मग उलट ओवावा. गाठ मारून मोकळं झालं की तिसऱ्या धुण्याला चौकोन सुटायला लागतो.

२१
वणीत कोणाकडून काही विणून घ्यायचं असेल तर डिसेंबरच्या आत सांगा आणि रंग तेव्हाच ठरवा. जानेवारीत द्राक्षाची तोडणी लागते. मार्च संपेपर्यंत सुई कोणी हातात धरत नाही. भाव आधी विचारा, पण अर्धा करून मागू नका. ६६० खांब मोजून पाहिले तरी चालतील.