डॉक्टरांची चिठ्ठी

२०२१ साली माझी धाकटी जाऊ ठेकेदारामार्फत एका कचेरीत झाडलोट करी. कोरोना लसीच्या पहिल्या डोसानंतर तिचे अंग सुजले, श्वास कोंडला. अशा माणसाला त्याच लसीचा दुसरा डोस देऊ नये, असे सरकारचेच सांगणे होते. डॉक्टरांनी तसे लिहून दिले. मुकादम म्हणाला, "चिठ्ठी नको, दोन डोसांचे सर्टिफिकेट आण." १५ ऑगस्टपासून मुंबईच्या लोकलचा पासही दोन डोसवाल्यांनाच मिळू लागला. साहेबांना घरून काम. झाडू घरून कसा मारणार?

मी स्वतः लस घेतली, इतरांनीही घ्यावी असेच म्हणते. पण तिची चिठ्ठी कुणी वाचलीसुद्धा नाही.

२ मे २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले, साथ पाहून वाजवी निर्बंध घालता येतील, पण घटनेच्या कलम २१ प्रमाणे कुणावर लसीची सक्ती करता येत नाही. तोवर तिच्या जागी दुसरी बाई लागली होती.