सपाट बाजू आपल्याकडे

गेल्या पावसाळ्यात एका ट्रान्झिस्टरपायी माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. सोसायटीची टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. एक अर्डुइनो, ५ व्होल्टचा एक रिले आणि तो रिले ओढायला २एन२२२२. तपकीर गल्लीतून दहा नगांची पुडी आणली होती. आम्ही इलेक्ट्रॉनिक्सचं खूळ असलेली काही मंडळी मिळून एक विकी चालवतो. त्यावरचं या ट्रान्झिस्टरचं पान उघडून समोर ठेवलं. सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. तसे पाय लावले.

रिले गप्प. त्याच्या जागी एलईडी लावून पाहिला, तर तो पेटला. म्हणजे ट्रान्झिस्टर जिवंत होता. मग दुसरा रिले लावला, तोही गप्प. वायरी बदलल्या, ब्रेडबोर्ड बदलला, कोड सतरांदा वाचला. बायको म्हणाली, "उठून बटण दाबायला किती वेळ लागतो रे?" आमच्या छंदात हा प्रश्न विचारायचा नसतो.

तिसऱ्या दिवशी हार मानून मल्टिमीटर काढला. त्यावर ट्रान्झिस्टरचा गेन मोजायची खाच असते. पानात सांगितल्याप्रमाणे पाय खुपसले तर आकडा आला ७. फिरवून उलटा घातला तर २१४. माझ्याकडचा नग आरशातून आल्यासारखा होता : कलेक्टर, बेस, एमिटर. ट्रान्झिस्टर उलटा लावला तरी मरत नाही, ही त्याची वाईट खोड. कुथत कुथत काम करतो. एलईडीला लागणारे पाच-दहा मिलिअँपिअर कसेबसे देतो; रिलेच्या कॉइलला सत्तरेक लागतात, तिथे मात्र हातपाय गाळतो. साफ मेला असता तर पहिल्याच संध्याकाळी सापडला असता.

राग आला तो त्या पानाचा. रात्री बाराला लॉगिन केलं, आकृती उलटी करून टाकली आणि बदलाच्या नोंदीत ठसक्यात लिहिलं, 'चूक दुरुस्त केली. स्वतः मोजून पाहिलं आहे.' झोप छान लागली.

सकाळी पान पुन्हा होतं तसं. कुणीतरी माझा बदल परतवला होता. खाली नोंद : 'आधीचं बरोबर होतं. मीही मोजलं आहे.'

विकी हा शब्द हवाई बेटांवरचा, अर्थ झटपट. होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांना ने-आण करणाऱ्या बसला 'विकी विकी' म्हणत. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रॅमरनं १९९५ च्या मार्चमध्ये कुणीही येऊन दुरुस्त करावीत अशी पानं सुरू केली, तेव्हा त्याला ती बस आठवली. आमची बस मात्र एका आकृतीवर अकरा दिवस थांबून होती. चर्चेच्या पानावर समोरचे गृहस्थ मला 'आपण' म्हणत होते आणि मीही त्यांना 'आपण'. मराठीत हे भांडण चिघळल्याचं लक्षण.

शेवटी एकमेकांना फोटो दाखवायचे ठरले. भिंग लावून, टॉर्च तिरका धरून मी त्या इवल्या काळ्या तोंडावरची अक्षरं वाचली : पी२एन२२२२ए. त्यांच्यावर होतं पीएन२२२२ए. मधल्या एका २ नं पाय उलटे केले होते. दोन्ही डेटाशीट बरोबर, दोघांची मापं बरोबर, आणि दुकानात दोन्ही २एन२२२२ म्हणूनच मिळतात. मोटोरोलानं १९६२ साली मूळ २एन२२२२ आणला तो धातूच्या गोल डबीत. तिच्या कडेला एक छोटा कान काढलेला असायचा. कान जिकडे, एमिटर तिकडे. प्लॅस्टिकचं स्वस्त अंग आलं आणि कान गेला.

'स्वतः मोजलं आहे' हे माझ्या दृष्टीनं वादाचं शेवटचं वाक्य होतं. पण त्यात 'माझ्या हातातला नग' हे शब्द गाळलेले होते, आणि घरात एकट्यानं काम करताना ते गाळल्याचं कळतही नाही. तेव्हापासून मी विकीवर लिहिताना अंगावरचा पूर्ण नंबर, छाप, कधी घेतला, सगळं लिहितो. त्यानं लेखनाची रया जाते. जाऊ दे.

लहानपणी आमच्या कऱ्हाडात एक रेडिओवाले काका होते. गणपतीच्या मंडळांना लागणारे ॲम्प्लिफायर ते स्वतः बनवत, आणि डबा बंद करण्याआधी आतल्या प्रत्येक आयसीचा नंबर पॉलिश पेपरनं घासून टाकत. मी विचारलं तर हसून म्हणाले, "पोट आहे बाबा." त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. मला पगार होता म्हणून मी विकीवर फुकट लिहू शकलो. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचा एक ॲम्प्लिफायर माझ्याकडे दुरुस्तीला आला. उघडला तर आत गुळगुळीत, बिनचेहऱ्याच्या काळ्या चकत्या. काका गेले होते, आणि त्यातल्या एकीला तरी काय म्हणायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. मी तो तसाच परत केला.

आमच्या त्या पानावर आता दोन आकृत्या आहेत, वर कानवाल्या डबीचं चित्र, आणि लाल अक्षरांत 'लावण्याआधी मोजा'. मी हौसेनं लिहिलेला आरशाचा परिच्छेद कुणीतरी उडवला. पानाच्या इतिहासात तो पडून असेल. मध्यंतरी 'कपॅसिटर' की 'कंडेन्सर' यावरून तिथे जुंपली होती, कारण दुकानात कपॅसिटर मागितला की काउंटरवरचा पोरगा आत ओरडतो, "कंडेन्सर दे रे!" शालेय पुस्तकातला 'धारित्र' कुणी सुचवला, त्याला कुणी उत्तरही दिलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या दुरुस्त्या तर बारमाही चालूच.

पुडीतले सात नग उरले होते. एका रविवारी बायकोची लाल नेलपॉलिश घेऊन प्रत्येकाच्या एमिटरच्या बाजूला एकेक ठिपका दिला, वाळवले, फोटो काढून पानावर चढवला. सोमवारी चर्चेच्या पानावर त्याच गृहस्थांचा प्रश्न : 'सोल्डरिंगच्या उष्णतेनं ठिपका टिकतो का? आपण मोजलं आहे का?'