पैसे आमचे, मग गेम कुणाचे?

आमच्या घरात व्हिडिओ गेम हा तसा वादाचाच विषय. दादी म्हणतात, पोरांचे डोळे जातील. पोरे म्हणतात, दादींना यातले काही कळत नाही. शेवटी तडजोड ठरली. अभ्यास झाल्यावर संध्याकाळी एक तास खेळायचे, आणि गेम घ्यायचा तो ईदीच्या पैशांतून, रीतसर विकत. चोरीची प्रत घरात आणायची नाही. ही अट आम्ही घातली आणि मुलांनी ती पाळली. ४ वर्षांत तिघा भावंडांनी मिळून एका ऑनलाइन दुकानातून ११ गेम घेतले.

सुरुवातीला दुकान चोख होते. पैसे भरले की लगेच गेम डाऊनलोड होई. अडचण आली तर फोनवर माणूस बोले. मग एकेक गोष्ट ढासळू लागली. नवे गेम येईनासे झाले. ईदच्या सवलतीची जाहिरात ईद सरून सहा महिने झाले तरी तशीच झळकत राहिली. आधी फोन बंद झाला, मग चॅट. उरला ई-मेल, त्यावर एकच ठरीव उत्तर येई, ‘आपली तक्रार आम्हाला मिळाली आहे.’ खात्यात ६४० रुपये अडकले होते. नवीन कॉम्प्युटरवर जुने गेम उतरवायला गेलो, तर ४ गेम सुरूच होईनात. ते चालू होण्याआधी दुकानाच्या सर्व्हरची परवानगी मागत, आणि तो सर्व्हर गप्प.

धाकटीने विचारले, “मामूंनी दुकान बंद केले तेव्हा आपला कॅरम परत नेला नाही. मग हे लोक आपला गेम कसा काय अडवतात?”

याचे उत्तर त्या लांबलचक अटींमध्ये असते. आपण ‘विकत घ्या’ हे बटण दाबतो, पण बहुतेक वेळा हाती येतो तो फक्त वापरण्याचा परवाना. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही हे दिसून आले आहे. निन्टेंडोने २७ मार्च २०२३ रोजी आपल्या दोन जुन्या यंत्रांसाठीचे ऑनलाइन दुकान खरेदीपुरते बंद केले, तरी आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय ठेवली. याउलट युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ नंतर ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि व्हिटाची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले होते. ग्राहकांनी ओरड केल्यावर काही आठवड्यांतच तो निर्णय फिरवला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला आहे: केवळ परवाना देत असाल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ म्हणता येणार नाही.

आपल्याकडेही ग्राहक अगदीच निराधार नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानाने तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचे निवारण करायचे. आम्ही सगळ्या पावत्या जोडून लेखी तक्रार केली. महिना कोरडा गेला. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. काही दिवसांनी ६४० रुपये बँकेत परत आले. ७ गेम आम्ही वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवले आहेत. राहिलेल्या चारांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.

पण खरा पेच पैशांचा नव्हता. थोरला एका रात्री जेवताना म्हणाला, “वर्गातली मुले हसतात. त्यांनी फुकट, चोरून घेतलेले गेम अजून चालतात. आम्ही पैसे दिले, आमचेच बंद.” घरात कुणी काही बोलेना. प्रामाणिकपणे वागणाऱ्यालाच भुर्दंड पडतो, हे त्या वयात मुलांच्या मनात बसले तर पुढे त्यांना काय सांगायचे?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनाही पावत्यांची फाईल लावायला बसवले. तारखेप्रमाणे, एकाखाली एक, अकरा पावत्या. थोरल्याला सांगितले, “ज्यांनी चोरून घेतले, त्यांचा गेम उद्या बंद पडला तर ते कुणाच्या दारात जाऊन दाद मागणार? तुझ्या हातात पावती आहे. तू ताठ मानेने विचारू शकतोस.” तो लगेच मान्य झाला असे नाही. पण आयोगाकडे द्यायच्या अर्जाचा पहिला मसुदा त्यानेच लिहिला.

आता घरात नवा गेम घेण्याआधी मधला एकच गोष्ट तपासतो: इंटरनेट तोडले आणि दुकान उठले, तरी हा चालेल का? चालणार असेल तरच ईदीच्या डब्याला हात लागतो.