हळू आवाजाची माणसे

संमेलनाच्या तालमीत सरांचे एकच पालुपद असायचे, "शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले पाहिजे!" माझा आवाज तिसऱ्या रांगेतच दमायचा.

तरीही दोन वर्षांपूर्वी दादा, मी आणि शेजारची मैत्रीण अशा तिघांनी गाण्यांचा गट काढला. दादाची गिटार अन् त्याचीच गाणी, मैत्रिणीची पेटी, गळा माझा. तबलजी मिळेना, म्हणून ठेका मोबाइलवर! दोन कार्यक्रम झाले. दुसऱ्यात मागून "आवाज! आवाज!" असा गलका झाला. घरी येताना दादा म्हणाला, "तुझ्यापायी माझी गाणी कुणाला ऐकूच येत नाहीत." मीही नको ते बोलले. गट तिथेच मोडला. पाठोपाठ आमचे बोलणेही. पुढे दादा नोकरीला नाशिकला गेला.

अशात एका रात्री वसतिगृहाच्या खोलीत 'यंग मार्बल जायंट्स' कानी पडले. वेल्समधल्या कार्डिफ शहरात १९७८ साली जमलेली ही तीन माणसे. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे भाऊ, अन् गायिका अ‍ॅलिसन स्टॅटन. त्याआधी वर्ष-दोन वर्षे पंक संगीताने इंग्लंड दणाणून सोडले होते. त्या गदारोळातून पुढे निघालेल्या नव्या वाटांना 'पोस्ट-पंक' म्हणू लागले. या तिघांनी मात्र आवाज पार खाली आणला. त्यांच्याकडे ड्रम वाजवणारा नव्हता. ठेका कॅसेटवर भरून घेत आणि कार्यक्रमात तीच लावीत. हे वाचले अन् मी अंथरुणात उठून बसले!

फिलिपचा बास, स्टुअर्टची तुटक गिटार, मधूनच ऑर्गन. अ‍ॅलिसन तर भांडी विसळता विसळता स्वतःशी गुणगुणावे तशी गाते. सुरांमध्ये एवढी मोकळी जागा, की शांतताही वाद्यासारखी ऐकू येते.

लंडनच्या 'रफ ट्रेड' या लहानशा स्वतंत्र कंपनीने फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांची 'कलोसल यूथ' ही तबकडी काढली. त्याच वर्षी 'फायनल डे' आले. अणुयुद्धात जग संपते, तेही दोन मिनिटांच्या आत आणि जराही न किंचाळता! अन् १९८० संपता संपता मंडळी पांगलीसुद्धा. स्टुअर्टने 'द जिस्ट' काढले, अ‍ॅलिसन 'वीकेंड'मध्ये गाऊ लागली. मागे उरली ती एकच पूर्ण तबकडी. पण अमेरिकेतल्या 'निर्वाना'च्या कर्ट कोबेनने आपल्या वहीत आवडत्या तबकड्यांची यादी केली, तीत ही होती. स्वतः घसा फोडून गाणारा तो माणूस! म्हणजे हळू आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत जातो तर. वेळ लागतो, इतकेच.

२००७ साली वेल्समधल्या हे महोत्सवात ते तिघे पुन्हा एका मंचावर उभे राहिले. मी बोटांवर हिशेब केला. १९८० पासून सत्तावीस वर्षे. एवढी वर्षे मला दादाशी अबोला धरवेल का?

त्याच रात्री त्याला एक गाणे पाठवले. सोबत एक अक्षरही लिहिले नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. बराच वेळ कुणीच बोलेना. मग तो म्हणाला, "ठेका यंत्राचा आहे ना गं?"

"हो," मी म्हणाले. नेहमीच्याच आवाजात. त्याला ऐकू गेले.

— तृतीय वर्ष कला