गजेंद्रगडकरांची नेमणूक

रहिमतपूर, जि. सातारा

कॉलेजियम, म्हणजे नावे सुचवणारे ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ, नव्हते तेव्हा सर्वोच्च न्यायालयातील नेमणुका कशा होत, हा कायद्याच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न साताऱ्यात १९०१ साली जन्मलेल्या प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या चरित्रातून पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक चांगला उलगडतो.

संस्कृत शास्त्र्यांच्या घराण्यातील गजेंद्रगडकरांनी १९२६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली सुरू केली. शहरातील मोठे दावे थेट चालवणाऱ्या मूळ शाखेत बॅरिस्टरांचा दबदबा असे, तर जिल्ह्याजिल्ह्यांतील निकालांविरुद्धची अपिले या दुसऱ्या शाखेत येत. कोरेगाव तालुक्यातल्या एखाद्या वाड्याच्या वाटणीचा किंवा दत्तकाचा दावा साताऱ्याहून वर गेला की तिथेच पोहोचे (आता तो कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातो), आणि अशा दाव्यात मूळ संस्कृत वचने तपासावी लागत असल्याने ‘दत्तकमीमांसा’ हा दत्तकविधानावरील संस्कृत ग्रंथ संपादित केलेल्या गजेंद्रगडकरांसारख्या वकिलाचे पारडे साहजिकच जड होई.

१९४५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पुढे बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा निवाडा सरकारने बदलल्यावरून श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला, आणि त्या चिघळलेल्या तंट्याचा अहवाल १९५५ मध्ये गजेंद्रगडकरांनी दिला; कामगार कायद्यातील त्यांचा अधिकार त्यामुळे दिल्लीलाही ठाऊक झाला. १९५६ च्या कायद्याने सरन्यायाधीश वगळता न्यायमूर्तींची कमाल संख्या ७ वरून १० झाली आणि जानेवारी १९५७ मध्ये त्यांची सर्वोच्च न्यायालयात नेमणूक झाली. राज्यघटनेच्या अनुच्छेद १२४ नुसार राष्ट्रपती सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून नेमणूक करीत, पण अंतिम शब्द सरकारचा असे. न्यायमूर्तींच्या मताला प्राधान्य मिळाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने.

सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने मिळते हा संकेत १९७३ मध्ये प्रथम मोडला, असे सर्रास लिहिले जाते, ते तितकेसे खरे नाही. १ फेब्रुवारी १९६४ रोजी गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले तेव्हा ज्येष्ठतेने न्या. जाफर इमाम पुढे होते आणि प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना ते पद मिळाले नाही. १९७३ मध्ये मात्र शेलट, हेगडे आणि ग्रोव्हर या ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना नेमताना आजारपणाचे कारण नव्हते, त्यामुळे या दोन घटना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल.



मामा