मनीचे दिवस भरले

८ जानेवारी
थानं गुलाबी झाली तेव्हाच आई म्हणाली होती, मनी मांजर गाभण आहे. तिसऱ्या आठवड्यात हा रंग चढतो; दिवस भरायला ६३ ते ६५ दिवस. आता पोटात जागाच नाही, म्हणून पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला घालते. पिल्लांचं कोरडं खाद्य, जोडीला उकडलेलं चिकन.

१४ जानेवारी
संक्रांत. जुनं लुगडं अंथरून खोका केला. तिनं हुंगला आणि जाऊन बसली पेटीमागच्या अंधारात. खोकाच तिकडे नेला. थर्मामीटर लावला तर ९९. एरवी १०१ च्या आसपास असतो. १०० च्या खाली आला की बहुधा चोवीस तासांत व्यायची.

१५ जानेवारी
पहाटे कळा. पहिल्या पिल्लाची पिशवी तिनं दातांनी फाडली, नाळ तोडली, वार खाल्ली. तिसऱ्याच्या वेळी मात्र दमून नुसती पडून राहिली. मी बोटानं पिल्लाच्या नाकावरची पिशवी फाडली, तोंड पुसलं, पंच्यानं अंग चोळत राहिले. निळसर जीभ हळूहळू गुलाबी झाली, मग बारीकशी चिवचिव! दोन पिल्लांत तासभर गेला तरी चालतं. पण जोराच्या कळा येऊन वीस-तीस मिनिटांत काहीच बाहेर आलं नाही, तर तडक जनावरांचा दवाखाना. चारही पिल्लं सुखरूप.

२२ जानेवारी
रोज वजन करते. जन्मताना शंभरेक ग्रॅम, पुढं रोज दहाएक वाढायला हवेत. धाकटं मागं पडतंय, त्याला आधी पाजायला लावते. शेजारच्या आत्या गाईचं दूध घेऊन आल्या. म्हटलं, "नको आत्या, हगवण लागते त्यानं."

३ फेब्रुवारी
डोळे उघडून आठवडा झाला. मनीनं पिल्लं कपाटात हलवली. आत्या म्हणाल्या, "सात घरं दाखवल्याबिगार ऱ्हाईल व्हय ती?" मला वाटतं, बघायला येणाऱ्यांची वर्दळ तिला सोसली नाही. आजपासून बाहेरच्या कुणी पिल्लांना हात लावायचा नाही. रानातल्या पिल्लांचंही तेच. हातकणंगल्याच्या शिवारात ऊसतोड जोरात आहे. फडात रानमांजराची पिल्लं सापडली तरी तिथंच ठेवून माणसांनी लांब व्हावं, रात्री आई येऊन नेते.

१ मार्च
एकजण विचारत होता, पुढच्या खेपेला पर्शियन बोक्याशी जोड लावू, पिल्लं विकली जातील. स्पष्ट नाही म्हणाले. चपट्या तोंडाच्या त्या जातीत पिल्लाचं डोकं मोठं, वीण अडते. मनीचा जीव मी त्यासाठी टांगणीला लावणार नाही. पिल्लंही आठ आठवड्यांच्या आत कुणाला देणार नाही. कुठवर चावायचं, कुठवर ओरखडायचं, हे ती आईपाशी नि भावंडांतच शिकतात. पाजती मांजरही माजावर येते, म्हणून दारं-खिडक्या बंद. दूध आटलं की मनीचं ऑपरेशन.