बिस्किट कोणत्या नंबरचे घ्यावे?

सुताराकडे बिस्किट मागितले म्हणजे ते चहात बुडवायचे नव्हे. हे बिस्किट लाकडाचे. बीच नावाच्या झाडाचे लाकूड दाबून केलेली, दोन्ही टोकांना निमुळती अशी ही चपटी चकती. जाडी सुमारे ४ मिलिमीटर. जोडायच्या दोन्ही फळ्यांना यंत्राने खाच पाडायची, पांढरा फेविकॉल भरायचा, बिस्किट बसवायचे आणि शिकंजा आवळायचा. फेविकॉलातले पाणी पिऊन बिस्किट फुगते व खाचेत गच्च बसते. रात्री हरभरे भिजत घालणाऱ्या गृहिणीला हे वेगळे सांगायला नको. युक्ती स्वित्झर्लंडमधली, १९५० च्या दशकातली.

आमच्या सुतारकाकांचा मुलगा चार वर्षे पुण्याला फर्निचरच्या कामावर होता. गेल्या वर्षी तो परत आला, तो हे यंत्र घेऊनच. गावात बैलगाड्या उरल्या नाहीत, तिफणी लोखंडाच्या झाल्या, दारे शहरातून तयार येतात. इथे काम मिळाले नाही तर पोर पुन्हा पुण्याला जाणार, ही काकांना धास्ती. पहिले काम मी दिले. आमचा जुना वाडा उतरवला तेव्हाच्या सागवानी फळ्या माळ्यावर होत्या. रंधा मारून किडका भाग काढला, तर जाडी उरली १२ मिलिमीटर. त्यातून धाकटीच्या पुस्तकांसाठी मांडणी करायची होती. असला साग आता पैसे मोजूनही मिळत नाही.

पोराकडे २० नंबरचे खोके होते. काकांनी एवढेच विचारले, "अरे, खाच खोल किती जाते?"

"बारा, अण्णा. थोडी वरच."

काकांनी नुसते फळीच्या जाडीवर बोट ठेवले. पोराने यंत्र खाली ठेवले.

मंडळी, सगळी मेख इथेच आहे. २० नंबरचे बिस्किट ५६ मिलिमीटर लांब व २३ रुंद, १० नंबरचे ५३ बाय १९, आणि ० नंबरचे ४७ बाय १५. निम्मे बिस्किट एका फळीत जाते, निम्मे दुसऱ्या. म्हणून खाचेची खोली अनुक्रमे सुमारे १२, १० आणि ८ मिलिमीटर. आडव्या फळीच्या टोकात खाच लांबीच्या दिशेने जाते, तिथे भीती नाही. उभ्या फळीत मात्र ती जाडीच्या दिशेने जाते. १२ च्या फळीला २० नंबर म्हणजे आरपार भोक! १० नंबरने मागे जेमतेम २ मिलिमीटर उरतात. आम्ही ० नंबर मागवला, ४ उरले. फळी १८ ची असेल तर खुशाल २० नंबर घ्यावा. बसेल तेवढे मोठे बिस्किट चांगले, कारण त्याला डिंक धरायला जागा जास्त.

चौकटीला रुंदीही पाहावी. पाते गोल असल्याने खाच बिस्किटापेक्षा लांब पडते. १०० मिलिमीटरच्या पात्याने ० नंबरचीही सुमारे ५४ होते. दोन इंची पट्टीत ती बाहेर डोकावणारच. तिथे आपले कुसूच बरे. खुर्चीच्या पायाला, खाटेला, जिथे जोर येतो तिथेही बिस्किटावर भिस्त ठेवू नये, असे काकांचे स्पष्ट मत आहे आणि मला ते पटते.

आणखी एक. आमच्याकडे पाऊस चार महिने हटत नाही. उघडे ठेवलेले बिस्किट हवेतला ओलावा पिऊन आधीच फुगते, मग खाचेत शिरत नाही. पोराने ती बियाण्यासारखी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आहेत.

मांडणी भिंतीला लागली. आता शाळेच्या दोन कपाटांचे बोलणे चालू आहे. फळ्या १८ च्या आहेत, तेव्हा ते २० नंबरचे खोकेही सुटेल.